इन्स्टॉलरचा लॉग कुठून घ्यावा: सिरियल कन्सोल की नेटवर्कवरचा सिसलॉग?

प्रीसीड फाइल (इन्स्टॉलरच्या प्रश्नांची आधीच लिहून ठेवलेली उत्तरं) देऊन, समोर कोणी न बसता डेबियन ही लिनक्स सिस्टीम बसवायची ठरवली की इन्स्टॉलर कधीतरी मधेच थांबणार हे धरून चालावं. थांबला की लाल पडदा येतो आणि अमुक पायरी फसली एवढंच सांगतो. खरं कारण असतं सिसलॉगमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या नोंदींच्या फाइलमध्ये, आणि तो सिसलॉग त्या वेळी रॅममध्ये असतो. इन्स्टॉल पूर्ण झालं तर त्याची प्रत नव्या सिस्टीमवर जाते. अर्धवट राहिलं आणि कोणी मशीन रीस्टार्ट केलं, तर लॉग गेला.

एखादंच मशीन समोर असेल तर इन्स्टॉलरच्या मेन्यूतली लॉग जतन करायची सोय पुरते. इन्स्टॉलर लॉग पेनड्राइव्हवर देतो, नाहीतर छोटा वेब सर्व्हर चालू करून ब्राउझरमध्ये दाखवतो. मशीन लांब असेल किंवा बरीच असतील, तर मात्र लॉग चालू असतानाच बाहेर काढावा लागतो. त्यासाठी दोन वाटा मी वापरल्या आहेत: सिरियल कन्सोल, म्हणजे मशीनच्या सिरियल पोर्टवरून पडद्यावरचा मजकूर दुसरीकडे घेणं, आणि सिसलॉग नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर पाठवणं.

सिरियल कन्सोलच्या जमेच्या बाजू खऱ्या आहेत. बूट पॅरामीटरमध्ये कन्सोल म्हणून पहिला सिरियल पोर्ट आणि 115200 चा वेग दिला की कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) सुरुवातीच्या ओळींपासून सगळं दिसतं. नेटवर्क कार्डचा फर्मवेअर नसेल, डीएचसीपीकडून पत्ता मिळत नसेल, कर्नल पॅनिक होत असेल (कर्नलच कोसळत असेल), तरी सिरियल बोलत राहतो. सर्व्हरवर आयपीएमआय (सर्व्हर लांबून सांभाळायची सोय) असेल तर वेगळी केबलही लागत नाही.

पण कर्नल बोलायचा थांबला आणि इन्स्टॉलर सुरू झाला की सिरियलवर लॉग येत नाही, पडदा येतो. चौकटी, प्रगतीची पट्टी, रंग, आणि हे सगळं पुन्हा पुन्हा रंगवण्यासाठीचे कर्सरचे कोड. रात्रभर साठवलेली फाइल सकाळी उघडली की तिच्यात तीच पट्टी टक्क्याटक्क्याने वाढलेली दिसते. चुकीबद्दलचा संदेश असलाच तर तो चौकटीच्या रुंदीत बसवण्यासाठी मधेच तोडलेला, आणि दोन तुकड्यांच्या मधे चौकटीची कड. मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडला पूर्ण वाक्य द्या, सापडत नाही. कोड गाळून फाइल स्वच्छ करायचे उपाय मी करून पाहिले. रंग जातात, पण तुटलेली वाक्यं जुळत नाहीत. सिरियलवर दुसऱ्या खिडकीत जाऊन लॉग बघता येतो हे खरं, पण त्यासाठी तिथे कोणीतरी हजर हवं. ती सकाळची शोधाशोध टाळण्यासाठीच मी दुसऱ्या वाटेकडे वळलो.

दुसरी वाट सोपी निघाली. डेबियनच्या इन्स्टॉलरला बूट करताना लॉग-होस्ट म्हणून एका मशीनचा आयपी द्यायचा. लॉग-पोर्ट नाही दिला तर नेहमीचा 514 धरला जातो. लॉग स्थानिक फाइलमध्येही राहतो आणि तिकडेही जातो. पलीकडे लॉग गोळा करणाऱ्या आर-सिसलॉग प्रोग्रॅममध्ये यूडीपी (पोचपावती न घेता पाठवायची नेटवर्कची पद्धत) उघडा आणि पाठवणाऱ्याच्या आयपीवरून प्रत्येक मशीनची फाइल वेगळी करा. होस्टनेमवर विसंबू नका, कारण सुरुवातीला ते ठरलेलंच नसतं.

इथे जे मिळतं ते वाचता येतं. समजा बेस सिस्टीमची पायरी फसली. इन्स्टॉलरच्या पायऱ्या चालवणाऱ्या मेन-मेन्यूची ओळ म्हणते की अमुक पायरी एरर कोड 1 देऊन फसली. ती ओळ म्हणजे फक्त खूण, तिथून वर सरकायचं. डीबूटस्ट्रॅप, इन-टार्गेट, पार्टमॅन, ग्रब-इन्स्टॉलर अशी इन्स्टॉलरच्या ज्या त्या भागाची नावं ओळीच्या सुरुवातीला असल्यामुळे गाळणी लावता येते, आणि वर कुठेतरी पॅकेजांच्या साठ्याची रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही अशी एपीटीची (पॅकेजं आणणाऱ्या प्रोग्रॅमची) तक्रार सापडते. म्हणजे मशीनचं घड्याळ मागे आहे. आर-सिसलॉगला संदेशातली वेळ आणि पोचल्याची वेळ दोन्ही लिहायला सांगितलं असेल, तर टाइमझोनचा फरक सोडून उरलेली तफावत शेजारीशेजारीच दिसते. सिरियलच्या पडद्यावर ही गोष्ट मला कधीच दिसली नसती.

उणिवा आहेत, आणि त्या लहान नाहीत. नेटवर्क वर येईपर्यंतच्या ओळी पलीकडे पोचत नाहीत. यूडीपीत एखादी ओळ हरवली तरी कळत नाही. मजकूर उघडा जातो, त्यामुळे हे बंदिस्त नेटवर्कवरच करावं. पहिल्या उणिवेवर उतारा म्हणून मी इन्स्टॉलरचा नेटवर्क-कन्सोल हा भागही चालू ठेवतो. नेटवर्क आल्यावर त्यातून एसएसएचने (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षितपणे) आत शिरून रॅममधला लॉग पहिल्या ओळीपासून वाचता येतो.

फेडोरा किंवा रेड हॅट बसवणाऱ्यांची स्थिती थोडी बरी. ॲनाकोंडा या त्यांच्या इन्स्टॉलरलाही दूरचा सिसलॉग देता येतो, शिवाय तो स्टोरेज, पॅकेजिंग आणि चालवलेल्या कमांड यांचे लॉग मुळातच वेगळे ठेवतो. तिथे सिरियलचा त्रास मला कमी जाणवला, तरी माझा कौल नेटवर्कवरच्या सिसलॉगलाच राहिला.

वाट कुठलीही घ्या, लॉगमध्ये मुळात काही लिहिलं गेलं पाहिजे. बूट करताना डेबकॉन्फ-डीबग 5 दिलं की कुठला प्रश्न विचारला गेला आणि प्रीसीडमधलं कुठलं उत्तर उचललं गेलं ते उमटतं. लॉग खूप फुगतो, म्हणून मी ते अडल्यावरच लावतो. त्याहून जास्त उपयोग होतो तो शेवटी चालणारी आपली स्क्रिप्ट इन्स्टॉलरच्याच लॉग-आउटपुट कमांडमधून, स्वतःचा टॅग देऊन चालवण्याचा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला सेट-एक्स (चालणारी प्रत्येक कमांड छापायला लावणारी ओळ) टाकलं तर कुठल्या कमांडवर ती पडली ते त्याच फाइलमध्ये, त्याच क्रमाने येतं.

तुमचं मशीन नेटवर्कपर्यंतच पोचत नसेल तर सिरियल लावा, त्याला पर्याय नाही. कर्नलमधली नेटकन्सोल ही सोय त्याच्या ओळी यूडीपीने पाठवते खरी, पण तिलाही नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर चालू असावा लागतो. बाकी सगळ्यांना, आणि माझ्या अनुभवात बिघाड बहुतेक वेळा पॅकेजं किंवा पार्टिशनच्या टप्प्यावरच होतात, मी आधी लॉग-होस्ट लावून बघायला सांगेन. सिरियलची केबल मात्र काढू नका. त्यावर फक्त कर्नल बोलू द्या आणि ती फाइल नेटवर्क येण्याआधीच्या भागापुरती वाचा.