ग्राफिक डिझाईनचा क्लास आणि त्यानंतरचे तीन महिने : सोलापुरातला माझा अनुभव

जूनमध्ये क्लास लावला, डिसेंबरमध्ये संपला आणि आता मार्च संपत आलाय. म्हणजे सहा महिने शिकले आणि तीन महिने ते बाहेर चालतं का हे बघितलं. मध्ये कॉलेजातल्या दोन मैत्रिणींनी आणि शेजारच्या काकूंनी (त्यांच्या बारावीतल्या मुलासाठी) "लावू का गं?" म्हणून विचारलं. तिघींना मी त्या त्या दिवशीच्या मूडप्रमाणे तीन वेगळी उत्तरं दिली, म्हणून आता एकदाच नीट लिहिते. क्लासचं नाव घालत नाही. सोलापुरात अशा क्लासचे बोर्ड काही कमी नाहीत.

फी 36 हजार, तीन हप्त्यांत. रोज दोन तास. पहिला दीड महिना कोरल (रेषा-वळणांनी चित्र काढायचं सॉफ्टवेअर), मग फोटोशॉप, मग इलस्ट्रेटर (कोरलसारखंच), शेवटी दोन आठवडे 'ब्रँडिंग' (नाव, लोगो, रंग यांतून मालाची ओळख घडवणं) आणि उरलेल्या दिवसांत पोर्टफोलिओ, म्हणजे दाखवायच्या कामांची वही. जाहिरातीत मात्र ब्रँडिंग सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत होतं.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. कोरल शिकवणारे सर वीस वर्षं याच धंद्यात होते. पहिला पूर्ण आठवडा त्यांनी आम्हाला एकही रंग भरू दिला नाही. नुसती वळणं काढायची. सिद्धेश्वराच्या देवळाचा फोटो ठेवला आणि म्हणाले, कळसाची कड काढा. मी काढली आणि खूश झाले. सरांनी मागून येऊन नोड (रेषेला वळवणारे बिंदू) मोजले : 140. मग शेजारी बसून तीच कड त्यांनी 18 नोडमध्ये काढली, आणि ती माझ्यापेक्षा गुळगुळीत होती. माझी कड जवळून बघितली तर उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती. वळण जिथे बदलतं तिथेच नोड द्यायचा, बाकी नोडच्या हँडलने ओढायचं, हे त्या दिवशी जे हातात बसलं ते बसलंच. हे व्हिडिओ बघून येत नाही, कारण व्हिडिओ तुमच्या मागे उभा राहून नोड मोजत नाही.

पिक्सेल (चौकटी-चौकटींचं चित्र) आणि व्हेक्टर (रेषांचं चित्र, कितीही ताणलं तरी पायऱ्या न दिसणारं) यांतला फरक मात्र मला क्लासमध्ये नाही, आमच्या गल्लीत कळला. शेजारचे तात्या चादरीच्या कारखान्यात जेकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राची, कार्डं पंच करायचे. त्यांच्याकडे जुने ग्राफ पेपर अजून गुंडाळून ठेवलेले आहेत. त्यावर मोर असतो, पण तो चौकटी रंगवून काढलेला. एकेक चौकट म्हणजे धागा वर यायचा की खाली राहायचा. लांबून मोराची मान गोल दिसते, जवळ गेलं की पायऱ्याच पायऱ्या. मी म्हटलं, "तात्या, हे तर पिक्सेल." ते म्हणाले, "असेल. आम्ही घर म्हणायचो." जितकी घरं तितकीच नक्षी, चादर मोठी करायची म्हणून मोर ताणता येत नाही. सरांनी हेच अर्धा दिवस प्रोजेक्टरवर सांगितलं होतं.

आता ब्रँडिंगचे ते दोन आठवडे. पहिल्या दिवशी रंगांचं मानसशास्त्र : निळा म्हणजे विश्वास, हिरवा म्हणजे निसर्ग, लाल म्हणजे भूक. (आमच्याकडे लाल म्हणजे तिखट, पण ते वहीत नव्हतं.) मग असाइनमेंट : एका काल्पनिक कॉफी शॉपचा लोगो. वर्गातल्या बावीस जणांनी बावीस कॉफी शॉप काढले, त्यातल्या पंधरा कपांमधून वाफ निघत होती. लोगो तयार झाला की तो मॉकअपवर चढवायचा, म्हणजे कप, पिशवी, भिंत, टीशर्ट. मॉकअपवर काहीही छान दिसतं. माझाही दिसला. तो पोर्टफोलिओच्या पहिल्या पानावर आहे आणि आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकाने त्या पानावर दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबलेलं मी पाहिलेलं नाही.

नावाचं काय करायचं, मालकाला काय विचारायचं, छापायला किती खर्च येतो, दुकानातल्या फळीवर शेजारी कोणते माल असतात, यातलं काहीही आलं नाही. आणि देवनागरी अक्षरं तर सहा महिन्यांत एकदाही नाहीत. वर्गातला प्रत्येक लोगो इंग्रजीत. सोलापुरात बोर्ड मराठीत, कानडीत, तेलुगूत, उर्दूत वाचायला मिळतात, आणि आम्ही बावीस जण इंग्रजीत कॉफी विकत होतो.

याचा फटका जानेवारीत बसला. सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत फ्लेक्सवाल्यांना झोप नसते. ओळखीतल्या एका दुकानात मी हाताखाली गेले. पहिलंच काम मिळालं : शुभेच्छांचा फ्लेक्स, दहा बाय सहा फूट. क्लासमध्ये पाठ केलेलं होतं की छपाईला 300 डीपीआय (एका इंचात 300 ठिपके), म्हणून मी फोटोशॉपमध्ये तेवढ्याच मापाची फाइल उघडली. म्हणजे 36,000 बाय 21,600, जवळजवळ 78 कोटी ठिपके. माझ्या आठ जीबीच्या जुन्या लॅपटॉपने तिथेच मान टाकली. दुकानदार हसला. फ्लेक्स लोक रस्त्याच्या पलीकडून बघतात, त्याला 72 ते 100 पुष्कळ होतं. 300 लागतं ते हातात धरून वाचायच्या कागदाला. एका ओळीची गोष्ट, पण क्लासमध्ये ती ओळ आली नाही.

खरी नाचक्की पुढे. मजकूर टाइप केला आणि 'सिद्धेश्वर' मधली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसली, 'द्ध' फुटला, दोन अक्षरांच्या मध्ये लंगडा द दिसायला लागला. घाईत माझ्या लक्षात आलं नाही. फ्लेक्स छापून आला तेव्हा गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं. यात्रेच्या दिवसांत, सोलापुरात, सिद्धेश्वराचंच नाव चुकलेलं. पुन्हा छापायचा खर्च माझ्या मजुरीतून गेला आणि तो योग्यच होता. नंतर कळलं की जुन्या फोटोशॉपच्या सेटिंगमध्ये मजकुराचं इंजिन बदलावं लागतं, 'वर्ल्ड रेडी' नावाचं निवडलं की जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर येतात. दोन क्लिक. जुने फ्लेक्सवाले हा त्रास वेगळ्या रीतीने टाळतात : ते जुन्याच फॉन्टमध्ये टाइप करतात आणि पाठवण्याआधी कंट्रोल क्यू दाबून सगळं कर्व्ह करतात, म्हणजे अक्षर अक्षर राहत नाही, चित्र होतं. फुटायचा प्रश्न मिटतो. पण पुढच्या वर्षी तारीख बदलायची म्हटलं की अख्खी ओळ पुन्हा टाइप करा.

फेब्रुवारीत आत्याचं काम घेतलं, आणि मी ब्रँडिंग जे काही शिकले ते या एका कामात. आत्या जुळे सोलापुरात राहते, शेंगा चटणी करून विकते. आधी ओळखीत किलो-दोन किलो जायची, आता दोन दुकानं घेतात, म्हणून पाकीट नीट हवं होतं. तिला नाव हवं होतं 'सोलापुरी शेंगा चटणी'. एवढंच. मी तिला समजावलं की हे मालाचं नाव झालं, तुझं नाही. शेजारच्या पाकिटावरही हेच लिहिलेलं असणार आणि तू त्याला अडवू शकत नाहीस. ट्रेडमार्कला (नावाच्या सरकारी नोंदणीला) गावाचं आणि पदार्थाचं नाव एवढ्यावर भागत नाही. (चादरीची गोष्ट वेगळी. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन आहे, पण तेही एका कारखान्याचं नसतं.) चटणी ट्रेडमार्कच्या 30 व्या वर्गात येते, घरगुती उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला 4,500 रुपये. आत्या म्हणाली, "एवढ्यात माझं शेंगदाण्याचं पोतं येतंय की." तो विषय सध्या तिथेच आहे. नाव मात्र तिने दुसरं ठरवलं, तिच्या सासूबाईंचं.

चित्र काय घ्यायचं? तिला देऊळ हवं होतं. मी तिला नवी पेठेत नेलं आणि दुकानाच्या फळीसमोर उभं केलं. देऊळ, देऊळ, शेंगा, देऊळ, मिरची, नऊवारीतली बाई, देऊळ. तिने स्वतःच मान हलवली. कॉफी शॉपच्या असाइनमेंटला असं कुठल्या फळीसमोर उभं राहावंच लागलं नव्हतं. शेवटी चित्र घेतलंच नाही, नुसती अक्षरं मोठी करायची ठरली.

मी एक चांगला फुकट फॉन्ट घेऊन लेबल केलं आणि मोबाइलवर तिला दाखवलं. चष्मा वर करून तिने पाहिलं आणि म्हणाली, "हा ल आपला नव्हं गं. हिंदी पुस्तकातला हाय. श बी तसलाच." मी झूम करून बघितलं. खरंच की. उजवीकडे उभी दांडी असलेला ल आणि वर गाठ मारलेला श. आपला ल दोन पाकळ्यांचा असतो, श देठाचा. राज्य सरकारने 2009 च्या शासननिर्णयात हे पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ठरवून दिलेत, ते मला नंतर वाचून कळलं. युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरवर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत) दोन्हींचा क्रमांक एकच, त्यामुळे टाइप करणाऱ्याला फरक जाणवतच नाही, कोणता आकार दिसेल ते फॉन्ट ठरवतो. काही फॉन्टमध्ये आपले आकार आत दडवून ठेवलेले असतात, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की बाहेर येतात. 'सोलापूर' मध्ये ल, 'शेंगा' मध्ये श. माझ्या लेबलावर ही दोनच अक्षरं महत्त्वाची होती आणि दोन्ही परकी. सातवी शिकलेल्या आत्याला ते एका नजरेत दिसलं, सहा महिने डिझाईन शिकलेल्या मला दिसलं नाही.

मग मी तिच्या स्वयंपाकघरातल्या डब्यांचे फोटो काढले. प्रत्येक डब्यावर तिने मार्करने लिहिलेलं असतं : 'लई तिखट', 'कमी', 'पाहुण्यांची'. तिचं अक्षर जाड, जरा डावीकडे झुकणारं, ल च्या पाकळ्या मोठ्या. त्याच्यावरून कागदावर नाव पंधरा-वीस वेळा लिहून घेतलं, एक निवडलं आणि कोरलमध्ये सरांनी शिकवल्याप्रमाणे कमीत कमी नोडमध्ये ट्रेस केलं. तिथे क्लास कामाला आला, हे कबूल. आणि 'पाहुण्यांची' हे सरळ पाकिटावरच घेतलं, कमी तिखट प्रकाराचं नाव म्हणून. तेच जास्त जातंय.

प्रेसवर दोन धडे मिळाले. पहिला : घटक पदार्थांचा बारीक मजकूर मी स्क्रीनवर काळा दिसतो म्हणून तसाच दिला होता, पण तो चारही शाया मिळून झालेला काळा होता. चार प्लेटा केसभर इकडेतिकडे सरकल्या की बारीक अक्षराला लालनिळी झालर येते. प्रेसवाले काका म्हणाले, "बारीक अक्षर नुसतं के, म्हणजे काळी शाई, शंभर ठेव, बाकीचे तीन शून्य." दुसरा धडा आत्याच्या चटणीने दिला. स्वस्त म्हणून क्रोमो कागदाचं स्टिकर घेतलं होतं. आठ दिवसांत शेंगांचं तेल पाकिटाच्या तोंडातून झिरपलं, कागद पारदर्शक झाला आणि एफएसएसएआयचा (अन्नपरवान्याचा) चौदा आकडी नंबर तेलात बुडाला. आता प्लॅस्टिकचं पीपी स्टिकर वापरतो, नगामागे काही पैसे जास्त. हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका मात्र दोन्ही वेळेला व्यवस्थित राहिला.

बाकी कामांपैकी बोर्डांबद्दल थोडं. 2022 च्या कायदादुरुस्तीने दुकानांना मराठी नाव इतर भाषेपेक्षा लहान अक्षरात ठेवता येत नाही. त्यामुळे ज्यांचे लोगो इंग्रजीत आहेत त्यांना जोडीचं मराठी हवं असतं. इथे सगळे एकच चूक करतात, मीही केली : दोन्ही ओळींची उंची सारखी ठेवायची. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा आणि वेलांटी, खाली उकार. ते सगळं त्याच उंचीत कोंबलं की मूळ अक्षर बारकं होतं आणि बोर्ड इंग्रजीच वाटतो. अक्षराचा मधला भाग जुळवायचा आणि वरखाली मोकळी जागा सोडायची. असे चार बोर्ड केले.

पैशांचं सांगायचं तर तीन महिन्यांत हातात साडेएकोणीस हजार आले, त्यातून त्या सिद्धेश्वराच्या फ्लेक्सचे गेले. फी अजून सुटलेली नाही. क्लासच्या 'शंभर टक्के प्लेसमेंट'चा अर्थ एका दुकानात बसून दिवसभर लग्नपत्रिकेतली नावं बदलायची असा निघाला, मी गेले नाही. 'घरबसल्या परदेशी क्लायंट' हे आमच्या बॅचमध्ये कोणालाही मिळालेले नाहीत. दोघं पुण्याला गेले, बरं चाललंय म्हणतात. क्लासमधल्या कॉम्प्युटरवरची सॉफ्टवेअर कुठून आली होती हे मी तिथे विचारलं नाही. घरी इंकस्केप (कोरलसारखं सॉफ्टवेअर) वापरते, फुकट आहे आणि त्यात वेलांटी पहिल्या दिवसापासून जागेवर आहे.

मग लावावा का? मैत्रिणींपैकी जिला माऊससुद्धा नीट धरता येत नाही तिला मी हो म्हटलं, पण फक्त कोरलचा दीड महिना, आणि फी हप्त्यानेच द्यायची. दुसरीला नको म्हटलं, ती आधीच माझ्यापेक्षा चांगली चित्रं काढते. तिने एखाद्या दुकानाचं खरं पाकीट हातात घ्यावं. काकूंच्या मुलाला सांगितलंय, परीक्षा होऊ दे, मे महिन्यात माझ्याबरोबर प्रेसवर चल, प्रेसवाले काका शिकवतात. तिथे एसी नाही, एवढंच.