पुल-अपार्ट ब्रेड सोलापुरात: फ्रोझन पीठ, बेकरीचं पीठ की लादीपाव?

शेंगा चटणी आणि लोणी भरलेला, एकेक गोळा हाताने तोडून खायचा पुल-अपार्ट ब्रेड घरी करायचा म्हटला, की खरा प्रश्न पिठाचा असतो. मैदा मळून तो फुगायची वाट बघण्याइतका वेळ नसेल, तर सोलापुरात तीन वाटा आहेत. मोठ्या दुकानाच्या डीप फ्रीझरमधलं पिझ्झाचं गोठवलेलं पीठ, ओळखीच्या बेकरीतून आणलेलं लादीपावाचं कच्चं पीठ, किंवा पिठाचा विषयच सोडून तयार लादीपाव चिरून भरणं. चव आणि किंमत नंतर बघू. आधी हे विचारा की ते पीठ तुमच्या ओट्यावर किती उन्हातून येणार आहे. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा 40 अंशांच्या वर जातो, आणि यीस्टच्या पिठाचं बरंवाईट तिथेच ठरतं.

आधी गोठवलेलं पीठ. उणे 18 अंशांवर ठेवलं तर त्यातलं यीस्ट मरत नाही, नुसतं निपचित पडून राहतं. घात होतो तो पीठ एकदा सुटून, म्हणजे त्याचा बर्फ वितळून, पुन्हा गोठलं की. बर्फाचे स्फटिक यीस्टच्या पेशी फोडतात, आणि फुटलेल्या पेशींमधून ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ पाझरून मैद्याचा चिवटपणा सैल करतो. असं पीठ भाजताना आडवं पसरतं, वर येत नाही. म्हणून पाकीट हातात घेऊन नीट बघा. गोळे सुटे आणि गोल असतील तर घ्या. एकमेकांना चिकटून चपटे झाले असतील, आत बर्फाचा भुगा साठला असेल, तर ते पाकीट वाटेत किंवा लाइट गेल्यावर कधीतरी सुटलेलं आहे. सात रस्त्याहून जुळे सोलापूरला भर दुपारी स्कूटरवर न्यायचं असेल तर थर्माकोलचा डबा आणि बर्फ सोबत हवाच. घरी आणल्यावर रात्रभर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्यायचं. ओट्यावर ठेवलं तर बाहेरचा थर फुगून जातो आणि आतला गाभा दगडच राहतो.

आणखी एक. त्याच फ्रीझरमध्ये मलबार पराठा असतो आणि शेजारच्या फळीवर पिझ्झा बेस. पराठ्यात सहसा यीस्ट नसतं, आणि बेस तर आधीच भाजलेला असतो. दोन्ही या कामाचे नाहीत.

बेकरीचं पीठ मला तिन्हींत सरस वाटतं, आणि त्याला कारण आहे. लादीपाव म्हणजे मुळातच चिकटून भाजलेले आणि हाताने सुटणारे गोळे. म्हणजे ज्या पिठाचा तो बनतो, ते याच कामासाठी मळलेलं असतं. हवं तेवढंच मिळतं, आणि वजनाला वजन लावलं तर पाकिटापेक्षा स्वस्त पडतं. फक्त आदल्या दिवशी सांगून ठेवायला हवं. आयत्या वेळी गेलात तर पिठाचे गोळे ट्रेमध्ये लागलेले असतात आणि कुणी ते मोडून देणार नाही. जाताना आतून तेल लावलेला, पिठाच्या दुप्पट मोठा स्टीलचा डबा न्या आणि एवढंच विचारा, "पीठ मळून किती वेळ झाला?" कारण ते जिवंत असतं, घड्याळ तिथूनच सुरू झालेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, ते निवांत फुगतं आणि चवही छान मुरते. मे महिन्यात मात्र घरी पोचेपर्यंतच झाकण उचलायला लागतं. आंबूस, दारूसारखा वास आला आणि बोट लावताच पीठ खाली बसलं, तर ते जास्त फुगलंय. उन्हाळ्यात आणल्या आणल्या डबा तासभर फ्रिजमध्ये ठेवला तर बराच आवर बसतो.

पीठ दोन्हींपैकी कुठलंही असो, पुढची कृती एकच. अर्ध्या किलोत साधारण 30 ग्रॅमचे 16 गोळे होतात, आणि ते 8 इंची गोल डब्यात बसतात. प्रत्येक गोळा वितळलेल्या लोण्यात बुडवायचा, चटणीत लोळवायचा आणि रचायचा. तुपातेलाचा हा थरच गोळ्यांना एकजीव होऊ देत नाही, म्हणून ते नंतर सुटतात. आपली उखळात कुटलेली चटणी स्वतःच तेल सोडते, त्यामुळे ती इथे बाजारच्या कोरड्या मसाल्यांपेक्षा कितीतरी चांगली बसते. मात्र दोन मोठे चमचे पुरे, आणि लोणी बिनमिठाचं घ्या, कारण चटणीत मीठ आहेच. सगळ्यात वर चटणी अजिबात भुरभुरू नका. 180 अंशांवर 25 ते 30 मिनिटांत दाणे आणि तिखट करपून कडू होतात. वरचा थर नुसत्या लोण्याचा, लसूण-कोथिंबीर बाहेर काढल्यावर.

आता लादीपाव. हा पुल-अपार्ट ब्रेडचा धाकटा भाऊ म्हणा, तोच पदार्थ नव्हे. पाव आधीच भाजलेला असल्यामुळे चटणी आत मुरत नाही, भेगांमध्ये बसते. पण अर्ध्या तासात पाहुणे दारात असतील तर याला तोड नाही, आणि ओव्हनही लागत नाही. अख्खी लादी घ्या, शक्यतो आदल्या दिवशीची, कारण ताजा पाव सुरीखाली चुरगळतो. उभ्या-आडव्या चिरा पाऊण खोलीपर्यंतच द्या, लोणी-चटणी आणि चीज भरा, आणि जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर चीज वितळेपर्यंत ठेवा.

तर निवड अशी. हिवाळा आणि पावसाळ्यात, आदल्या दिवशी सांगायला जमत असेल, तर डोळे झाकून बेकरीचं पीठ. एप्रिल-मेमध्ये लादीपाव, आणि त्यात कमीपणा मुळीच मानू नका. गोठवलेलं पाकीट घ्यायचं ते एकाच स्थितीत: दुकान घराजवळ आहे, तिथल्या फ्रीझरवर तुमचा भरवसा आहे, आणि ब्रेड दुसऱ्याच दिवशी करायचाय. साठवून ठेवायला म्हणून घेणार असाल आणि घरी एका दाराचा फ्रिज असेल, तर घेऊ नका. त्याच्या बर्फाच्या कप्प्यात उणे 18 अंश टिकत नाहीत, आणि लाइट गेली की पीठ सुटायला सुरुवात होते.