फवारणीआधी जमीन पाहणारी डासनियंत्रण सेवा : परभणीच्या वेशीवरच्या वसाहतीचा वर्षभराचा अनुभव

आमची ४० घरांची वसाहत परभणी शहराच्या वेशीवर आहे. पूर्वेला कालव्याच्या पाण्यावर उभा असलेला ऊस आणि त्यात शिरणाऱ्या चाऱ्या, म्हणजे कालव्याचे छोटे पाट, आहेत, दक्षिणेला शहराचे सांडपाणी वाहून आणणारा नाला आहे, उत्तरेला अर्धवट बांधकामे व रिकामे भूखंड आहेत, तर पश्चिमेला जुने गाव, त्यातले गोठे आणि बोअर झाल्यापासून कोणी न शेंदलेला एक आड आहे. डास मात्र आम्ही सगळे मिळून एकच समजत होतो. मागील वर्षभर आम्ही एका छोट्या खासगी संस्थेकडून डासनियंत्रणाची जी सेवा घेतली, तिने हा समज मोडला, आणि मुख्यतः त्यासाठीच हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

त्याआधीच्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीला आम्ही केवळ धूरफवारणीचे काम दिले होते. दर शनिवारी सायंकाळी गाडी यायची, गल्ल्या पांढऱ्या धुराने भरून जायच्या, मुले त्यामागे धावायची आणि दोन दिवसांनी डास पुन्हा तेवढेच असायचे. त्या भाद्रपदात वसाहतीत तिघांना डेंग्यू झाला व त्यांत माझी नात होती. रोज सकाळी तिच्या प्लेटलेटचा आकडा येईपर्यंत घरात कोणाच्या घशाखाली चहा उतरत नव्हता. धूर उडत्या डासाला मारतो, अळीला नाही, हे मला तेव्हा कळले. डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती हा डास दिवसा चावतो, उरलेला वेळ पलंगाखाली, कपाटामागे किंवा खुंटीवरच्या कपड्यांत बसून काढतो, आणि अंडी घरातल्याच पाणी साठवण्याच्या भांड्यांत घालतो. बंद दारांबाहेरून जाणारा धूर त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे कारणच नव्हते.

यंदाच्या संस्थेने पहिल्या दोन भेटींत कोणतेही औषध वापरले नाही. दोन तरुण आले, त्यांनी चारही बाजू पायी पालथ्या घातल्या, वहीत नकाशा काढला आणि जिथे पाणी दिसेल तिथे लांब दांड्याची पांढरी पळी बुडवली. चारीच्या कडेला पाझराचे एक डबके होते. पाणी इतके नितळ की तळाची माती दिसावी. तेथील पळी माझ्यासमोर धरून त्यांतला एक म्हणाला, “काका, नीट बघा, या अळ्या पाण्याला समांतर आडव्या पडल्यात. हा ॲनोफिलीस, मलेरिया पसरवणारा.” नंतर नाल्याचे काळे पाणी घेतले. तिथल्या अळ्या शेपटाकडची नळी पृष्ठभागाला लावून डोके खाली सोडून तिरप्या लटकत होत्या. “आणि हा क्युलेक्स. रात्री तुम्हाला झोपू देत नाही तो हाच.” सायंकाळी गोठ्याच्या भिंतीवर बॅटरीचा झोत टाकून त्यांनी मागचा भाग वर उचलून बसलेले ॲनोफिलीस दाखवले. परभणीत इतकी वर्षे राहून मी ही गोष्ट कधी पाहिली नव्हती.

जमिनीचा वापर बदलला की डासही बदलतात, हे आपल्या भागाइतके स्पष्ट क्वचितच दिसत असेल. माझ्या लहानपणी हा परिसर कोरडवाहू होता. ज्वारी आणि कापूस असायचा, डबकी भरायची ती पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत आटायचीही. पैठणला जायकवाडी धरण झाले, १९७६ साली त्याचे लोकार्पण झाले, आणि पुढे डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यात आले. त्या पाण्याने घरे उभी केली, मुलांची शिक्षणे केली, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, बंद झाल्यावर चाऱ्यांच्या खळग्यांत जे पाणी उरते, ते आमच्या काळ्या मातीत लवकर जिरत नाही. उन्हाळी हवेत अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात आणि खळग्यातले पाणी तेवढे सहज टिकते. ग्रामीण भारतात मलेरिया पसरवणारा प्रमुख डास ॲनोफिलीस क्युलिसिफेसिस हा अशाच कालव्यालगतच्या स्वच्छ पाण्यात वाढतो, त्याचा ओढा जनावरांकडे असतो आणि गोठा त्याच्या मुक्कामाची हक्काची जागा असते. ऊस आणि गोठा यांच्या मधोमध आमची घरे आहेत, हे त्या नकाशावर प्रथमच नजरेत भरले.

कोणता डास आहे हे ओळखण्याला किती महत्त्व आहे, याचा पुरावा आपल्या जुन्या संस्थानातच आहे. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्यातल्याच सिकंदराबादच्या छावणीत रोनाल्ड रॉस यांनी १८९५ पासून डासांचे विच्छेदन केले, पण ते करड्या आणि पट्टेरी डासांत मलेरियाचा जंतू शोधत राहिल्याने हाती काही लागले नाही. २० ऑगस्ट १८९७ रोजी ठिपकेदार पंखांच्या डासात, म्हणजे ॲनोफिलीसमध्ये, तो सापडला.

सेवेचे सर्वांत चांगले काम घरांच्या आत झाले. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे प्रत्येक घरी बॅरल, हौद आणि रांजण भरलेले असतात. एडिसला नेमके हेच हवे असते. एडिस अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला चिकटवतो आणि ती कोरडी पडून कित्येक महिने जिवंत राहतात. नुसते पाणी ओतून देण्याने काम होत नाही, भांडे आतून घासावे लागते. आमच्याच कूलरच्या टाकीच्या आतील कडेला त्या मुलाने बोटाने दाखवलेले काळे ठिपके मी धूळ समजत होतो. बॅरलना कापड बांधण्याची सवय त्यांनी घराघरांत बसून लावली, संडासाच्या टाकीच्या व्हेंट पाइपला जाळी बांधली, आडात गप्पी मासे सोडले आणि नाल्यात मात्र अळीनाशक टाकले. गप्पी मासे कालव्यात किंवा ओढ्यात सोडा, असा आग्रह आमच्यापैकी काहींनी धरला होता. स्थानिक माशांना त्याचा त्रास होतो हे समजावून त्यांनी तो नाकारला, हे मला विशेष आवडले.

आता उणिवा. भेटी १५ दिवसांनी होत्या. पावसाळ्यात एवढ्या अंतरात डासांची एक पूर्ण पिढी उडून जाते. श्रावणात उत्तरेकडच्या बांधकामावर स्लॅबच्या पाण्यात नेमके तेच घडले. तिमाही अहवाल इंग्रजीत आणि लॅटिन नावांनी भरलेला होता, त्यामुळे ज्या बायका रोज हौद घासतात त्यांना त्याचा काही उपयोग झाला नाही. तिसरी चूक शोषखड्ड्यांची. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णीने शोषखड्डे करून उघडी गटारे बंद केली आणि तो नांदेड पॅटर्न म्हणून गाजला. त्याच धर्तीवर आमच्याकडे सहा खड्डे घेण्यात आले, पण त्यांतले चार खड्डे चार फुटांवरच थांबवले. आमच्याकडे पाणी जिरवणारा मुरूम त्याहून खाली लागतो. काळ्या मातीतच राहिलेले हे चार खड्डे पहिल्या मोठ्या पावसात तुंबले आणि त्यांतच क्युलेक्सच्या अळ्या दिसू लागल्या. मुरमापर्यंत गेलेले दोन आजही व्यवस्थित पाणी पितात. संस्थेने चूक मान्य केली आणि मजुरी न घेता तुंबलेले खड्डे खोल करून दिले, याची नोंद न्यायाने केली पाहिजे.

वर्षाचा खर्च ३६,००० रुपये आला, म्हणजे घरामागे महिन्याला ७५ रुपये; शोषखड्ड्यांचे साहित्य वेगळे. यंदा वसाहतीत डेंग्यूचा रुग्ण नाही. याचे सगळे श्रेय सेवेला देणे योग्य होणार नाही, कारण पाऊसही कमी होता. नाल्याकडच्या घरांना रात्रीचा त्रास अजून आहे, कारण क्युलेक्स एडिसपेक्षा बराच दूर उडतो आणि नाल्याचा वरचा भाग आमच्या करारात येत नाही. ज्या वसाहतीभोवती शेती, नाला आणि बांधकाम असे मिश्रण आहे, तिने ही सेवा घ्यावी असे मी सांगेन. चारही बाजूंनी पक्क्या इमारती असतील तर भांडी, कूलर आणि टाक्या यांकडे स्वतः लक्ष दिले तरी बरेचसे भागते.

आम्ही करार पुन्हा केला आहे. जून ते ऑक्टोबर भेट दर आठवड्याला होईल, अहवाल मराठीत मिळेल आणि मुरूम लागल्याशिवाय खड्डा भरला जाणार नाही, या तीन अटी त्यात लेखी घातल्या आहेत. पहिली भेट मार्चच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे, म्हणजे माळ्यावरचे कूलर खाली उतरतील तेव्हा ते पाणी भरण्याआधी घासले जातील.