सरकत्या कीबोर्डचा टचस्क्रीन फोन: स्क्रीन नंतर बघा, आधी सरक बघा

स्क्रीन अंगठ्यानं ढकलली की खालून अख्खा कीबोर्ड बाहेर येतो, अशा फोनांची चलती साधारण 2008 ते 2011 या काळात होती. एचटीसी ड्रीम, नोकिया एन97 आणि मोटोरोला ड्रॉइड ही त्यातली ठळक नावं. सॅमसंग कॉर्बी प्रोसारखे साधे मेसेजिंग फोनही याच घडणीचे. भरपूर टाइप करणारी काही माणसं आजही असा फोन शोधून घेतात, म्हणून एकच मॉडेल न धरता या घडणीबद्दलच लिहितो आहे.

सगळ्यात मोठं सुख आधी सांगतो, कारण जाहिरातीत ते कधी आलंच नाही: बाणांची बटणं. लांबलचक मेसेज लिहून होतो आणि मधल्या ओळीतला एक शब्द चुकलेला दिसतो. साडेतीन इंची स्क्रीनवर बोटाचं टोक दोन-तीन अक्षरं सहज झाकतं, कर्सर हवा तिथे बसत नाही, मग माणूस कंटाळून अख्खी ओळ खोडतो. बाण असलेल्या सरकत्या कीबोर्डवर डावा बाण चार वेळा दाबायचा, एक अक्षर खोडायचं, नवं दाबायचं, की झालं. बऱ्याच मॉडेलांत शिफ्ट धरून बाण दाबला की मजकूर निवडलाही जातो. शिवाय स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडावा लागत नाही, त्यामुळे पडद्यावर पूर्ण संभाषण दिसत राहतं. समोरच्यानं नेमकं काय विचारलंय ते वाचत वाचत उत्तर लिहिता येतं. एवढ्या दोन गोष्टींसाठी हा फोन घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बटणांची मांडणी मात्र प्रत्येकाची वेगळी, आणि ती हाताला लावून घ्यावी लागते. एन97 मध्ये तीनच ओळी आहेत, बाण डावीकडे आणि स्पेस उजवीकडे सरकवलेली, त्यामुळे स्पेस कायम उजव्या अंगठ्यानंच दाबावी लागते. मधल्या स्पेसची सवय असलेल्यांचे शब्द सुरुवातीला एकमेकांना चिकटतात. ड्रीममध्ये पाच ओळी आहेत आणि आकड्यांची ओळ स्वतंत्र आहे, ही फार मोठी सोय. पण फोन आडवा धरला की उजव्या टोकाला बटणांचा उंचवटा येतो आणि उजव्या अंगठ्याला तो ओलांडून जावं लागतं. पहिल्या ड्रॉइडची बटणं जवळजवळ सपाट आणि एकमेकांना खेटून आहेत. न बघता टाइप करणाऱ्याला ती बोटाला वेगळी लागत नाहीत. सगळ्यांत सारखी अडचण वरच्या ओळीची: उघडलेल्या स्क्रीनची कड तिला लागूनच असते, म्हणून नख वाढलेलं असेल तर ते कडेवर आपटतं. अंगठा थोडा आडवा करून त्याच्या मांसल भागानं दाबलं की ही अडचण उरत नाही.

फंक्शन बटणाची, म्हणजे अक्षराच्या बटणावरचं दुसरं चिन्ह आणणाऱ्या बटणाची, खोड ओळखून ठेवा. बहुतेक फोनांत ते एकदा दाबलं की पुढचं एकच चिन्ह येतं आणि लागोपाठ दोनदा दाबलं की ते अडकून राहतं. पासवर्ड बरोबर असूनही चुकीचा दाखवतो, तेव्हा दहापैकी नऊ वेळा फंक्शन किंवा शिफ्ट अडकलेलं असतं. पडद्याच्या वरच्या पट्टीत त्याची खूण दिसते, आधी तिकडे बघा.

टचमध्ये दोन जाती आहेत. एन97 ची स्क्रीन दाबानं चालते, म्हणजे रेझिस्टिव्ह: वरचा लवचीक थर खालच्या थराला टेकला की नोंद होते, त्यामुळे नख चालतं, हातमोजा चालतो, पेनही चालतं. ड्रॉइडची कपॅसिटिव्ह स्क्रीन हलक्या स्पर्शानं चालते, पण नखाला दाद देत नाही. दाबाच्या स्क्रीनवर काही काळानं स्पर्श एकीकडे आणि नोंद दुसरीकडे असं होऊ लागतं. सेटिंगमध्ये कॅलिब्रेशन (स्पर्शाची जागा पुन्हा जुळवून घेणं) शोधा आणि दाखवलेल्या फुल्यांवर बोटाऐवजी बोथट टोकानं नेमकं दाबा. तरीही एका कडेला आपोआप टच होत राहिला, तर स्क्रीनगार्ड काढून बघा. त्याची कड चौकटीखाली गेली की तिथे सतत दाब पडत राहतो.

मराठीत मेसेज करणाऱ्यांनी एक हिशोब डोक्यात ठेवावा. एका एसएमएसमध्ये 140 बाइटची जागा असते. रोमन अक्षरांत त्यात 160 चिन्हं मावतात, देवनागरीत फक्त 70. मेसेज लांबला की तुकडे जोडण्यासाठी थोडी जागा खर्च होते, म्हणून पुढे प्रत्येक तुकड्यात अनुक्रमे 153 आणि 67 चिन्हंच बसतात. इथली मोजणी उच्चाराप्रमाणे होत नाही. ‘स्त्री’ या शब्दाची सहा चिन्हं धरली जातात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईची मात्रा. अख्खा मेसेज रोमनमध्ये असला आणि त्यात एकच देवनागरी अक्षर किंवा एक इमोजी आला, तरी पूर्ण मेसेजला 70 चाच नियम लागतो. रोमनमध्येही चौकोनी कंस, महिरपी कंस आणि युरोचं चिन्ह प्रत्येकी दोन जागा खातात. चिन्हांची बटणं हाताशी आहेत म्हणून ती पेरत सुटू नका, लिहिताना कोपऱ्यातला उरलेल्या चिन्हांचा आकडा बघत जा.

आता या फोनचं मर्मस्थान. स्क्रीनचा भाग आणि कीबोर्डचा भाग धातूच्या पट्ट्यांवर एकमेकांवर सरकतात. बऱ्याच फोनांत आत स्प्रिंग असते. निम्म्यापर्यंत तुम्ही ढकलायचं, मध्य ओलांडला की स्प्रिंग उरलेलं अंतर स्वतः नेते आणि ‘टक्’ असा आवाज होतो. या दोन भागांना विजेनं जोडणारी असते कागदासारखी पातळ फ्लेक्स केबल. दुरुस्तीवाले तिला स्ट्रिप म्हणतात. प्रत्येक उघडझापीला ती त्याच जागी वळते आणि कधीतरी तिच्यातल्या तांब्याच्या रेषांना तडा जातो. पडदा अर्धवट सरकवला की चित्र येतं आणि पूर्ण उघडला की जातं, ही तिची पहिली खूण. मग रेघा येतात, पडदा पांढरा पडतो. कधी चित्र ठीक असतं पण कॉलचा आवाजच येत नाही, कारण कानाशी धरायचा स्पीकर वरच्या भागात असतो आणि त्याच्या ताराही याच स्ट्रिपमधून जातात. अशा वेळी नवा डिस्प्ले किंवा नवा स्पीकर घालायची घाई नको, आधी स्ट्रिप तपासायला सांगा. बदलताना जुन्या स्ट्रिपला जिथे आणि जेवढा वळसा होता, तिथेच आणि तेवढाच ठेवावा लागतो. वळसा लहान झाला तर पहिल्या काही उघडझापींतच ती ताणून तुटते.

स्ट्रिप आणि पट्ट्या टिकवायच्या असतील तर उघडण्याची पद्धत सुधारा. एका कोपऱ्याला अंगठा लावून तिरकं ढकललं की एक पट्टी पुढे जाते, दुसरी मागे राहते आणि काही महिन्यांत वरचा भाग डुगडुगायला लागतो. दोन्ही अंगठे कडेच्या मध्याजवळ ठेवा, सरळ ढकला आणि टकपर्यंत जाऊ द्या. एन97 सारख्या फोनांत स्क्रीन शेवटी वर तिरपी उठते. तिथे पडद्याच्या मधोमध दाबू नका, कडेला धरा. बसल्या बसल्या चाळा म्हणून उघडझाप करणं सोडाच. पट्ट्यांना तेलही घालू नका: धूळ तेलाला चिकटते, तिचा लेप तयार होतो आणि सरक आणखी जड होते. मऊ ब्रशनं धूळ झटकली तरी पुरते.

बटण दोनदा उमटतं किंवा मुकं होतं, त्याचं कारण बहुतेकदा घाम आणि धूळ. प्रत्येक बटणाखाली धातूची छोटी फुगीर चकती असते. दाबली की ती खाली बसून संपर्क करते. तिच्याखाली मळ गेला की संपर्क तुटक होतो. फोन बंद करून बॅटरी काढा, कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल जेमतेम ओलं होईल एवढंच लावा, बटणाच्या कडेनं फिरवा आणि ते बटण वीस-पंचवीस वेळा दाबा. पूर्ण सुकल्याशिवाय बॅटरी घालू नका. फोन उघडूनही पडदा आडवा होत नसेल, तर पाऊच तपासा. काही फोनांत उघडझाप ओळखायला चुंबक आणि सेन्सर असतो आणि चुंबकाच्या झाकणाचा पाऊच त्याला फसवतो.

बॅटरी बाहेर काढता येते हा फायदाच आहे. फक्त ती फुगलेली नाही ना, हे सपाट टेबलावर ठेवून पाहा. गरगर फिरली तर ती बाद, पुन्हा फोनमध्ये घालायची नाही.

आज असा फोन घेणाऱ्यानं अपेक्षा बेतानं ठेवावी. सिम्बियन एस60 वर (एन97 सारख्या जुन्या नोकिया फोनांची प्रणाली) व्हॉट्सअॅप 30 जून 2017 नंतर बंद झालं. जुन्या ब्राउझरला आजची सुरक्षित जोडणी समजत नाही, म्हणून बहुसंख्य वेबसाइट उघडतच नाहीत. कॉल आणि एसएमएससुद्धा जिथे 2जी किंवा 3जी नेटवर्क चालू आहे तिथेच. कीबोर्ड हवा आणि आजची काही अॅपही हवीत, तर अँड्रॉइडवरचे नंतरचे सरकते फोन बघा, उदाहरणार्थ 2015 चा ब्लॅकबेरी प्रिव्ह. तो उभा सरकतो, त्यामुळे कीबोर्ड अरुंद आहे, पण कीबोर्डवरूनच बोट फिरवून पान वर-खाली करता येतं. घेण्याआधी आपल्याला लागणारं अॅप त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीवर चालतं का, ते पाहा.

वापरलेला फोन घेताना पडदा चालू ठेवून वीस वेळा सावकाश उघडा आणि मिटा, नजर चित्रावर ठेवा. जरा जरी लुकलुकलं तरी सोडून द्या. मिटलेल्या स्थितीत वरचा भाग दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा, तो डुगडुगायला नको. मग एक कॉल लावून आवाज ऐका आणि बोलता बोलताच फोन उघडा. नवा मेसेज उघडून प्रत्येक बटण एकदा साधं, एकदा शिफ्टसह आणि एकदा फंक्शनसह दाबा. शेवटी चार शब्द लिहून न पाठवता फोन मिटवा आणि पुन्हा उघडा. मजकूर जागेवर सापडला पाहिजे. नाही सापडला तर ड्राफ्टमध्ये बघा. तिथेही नसेल, तर त्या मॉडेलवर लांब मेसेज लिहिताना मधेच फोन मिटवायचा नाही.