थायरॉईडच्या डॉक्टरांकडे आठ महिने: डॉक्टर पटले, काउंटर नाही

जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेच्या आठवड्यात पहिल्यांदा गेले, आता गणपतीही गेले. काल सहाव्यांदा ७०० रुपये मोजून आले, म्हणून लिहायला बसले. दवाखाना आपल्या सोलापुरातलाच, नाव लिहीत नाही.

माझं भांडण एका शिक्क्याशी आहे. फाईलवर निळा शिक्का मारतात, ‘फेरतपासणी ७ दिवसांत मोफत’. आता थायरॉईडची गोळी सुरू केली किंवा डोस बदलला, की रक्तातला टीएसएच, म्हणजे गोळी पुरते की नाही ते सांगणारा आकडा, स्थिर व्हायला सहा ते आठ आठवडे जातात. डॉक्टर स्वतःच खाली लिहितात, ‘६ आठवड्यांनी टीएसएच करून दाखवा’. मग हे मोफत कुणासाठी? काउंटरवरच्या मुलीला विचारलं, तर म्हणते, “काकू, शिक्का सगळ्यांना सेमच असतोय.”

अकराची वेळ म्हणजे दीड धरायचा. मध्ये औषध कंपन्यांचे बॅगवाले एमआर सरळ आत जातात. मे महिन्यात कूलर होता, पण त्याचं तोंड काउंटरकडे. मार्चपर्यंत माझं मत पक्कं होतं, इथं परत यायचं नाही.

मे महिन्यात ते बदललं. टीएसएच आला ०.०८. म्हणजे गोळी जास्त होतेय, अर्धी करा, असं आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण मला तर त्या उन्हाळ्यातही पहाटे चादर लागत होती, पायऱ्या चढताना दम लागत होता. या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, “केसांसाठी काही घेताय का?” घेत होते, नणंदेनं सांगितलेल्या बायोटिनच्या गोळ्या. बायोटिनमुळे काही लॅबच्या मशीनवर टीएसएच खोटा कमी दिसतो म्हणे. ती गोळी तीन दिवस बंद करून परत रक्त दिलं, टीएसएच ८.४! अर्धी करायची ती गोळी ५०ची ७५ झाली. कॅल्शियमची गोळी हिच्यानंतर चार तास सोडून घ्यायची, हेही त्यांनीच सांगितलं. सगळं मिळून पाच मिनिटं, पण पैसे वसूल.

तर या एका वेळी तो शिक्का कामाला येणार होता. रिपोर्ट पाचव्या दिवशी हातात. फोन केला, नंबर मिळाला आठव्या दिवशीचा.

“अगं, मी पाचव्या दिवशीच फोन केला होता.”

“बरोबर आहे काकू, पण सिस्टीम घेईना.”

भरले ७००. मागचे लोक घड्याळ बघायला लागले होते, नाहीतर अजून बोलले असते.

काल टीएसएच ३.१ आला. थकवा गेलाय, चादर घडी करून कपाटात. डॉक्टरांनी लिहिलं, ‘६ महिन्यांनी’. बाहेर आले, मुलीनं फाईल ओढली आणि त्याच्या बरोबर वर शिक्का मारला. शाई ओली होती, माझ्या अंगठ्यावर ७ उमटला, उलटा.