एमीरचा शब्द की शेजारीण? लसीसाठी आधी कोणाला गाठावं

लसीबद्दल गावाचा विश्वास मिळवायचा तर आधी गावच्या मोठ्या माणसाचा उंबरा झिजवायचा, की घरोघर फिरणारी तिथलीच बाई शोधायची? हातात पैसा थोडा असला की हा प्रश्न टाळता येत नाही. नायजेरियाच्या उत्तर भागाने पोलिओच्या लढाईत या दोन्ही वाटा तुडवल्या, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो.

2003 मध्ये तिथल्या कानो आणि शेजारच्या काही राज्यांनी पोलिओचे डोस थांबवले. लसीत मुलींना वांझ करणारं काहीतरी मिसळलंय, अशी बोलवा होती. लोक अडाणी म्हणून ती उडवून लावणं मला पटत नाही. 1996 मध्ये मेनिंजायटिसची (मेंदूज्वराची) साथ असताना याच कानोत फायझर या अमेरिकी औषध कंपनीने ट्रोव्हन या नव्या औषधाची चाचणी सुमारे 200 मुलांवर घेतली होती. काहींना नवं औषध दिलं, काहींना आधीपासून वापरात असलेलं. त्यातली 11 मुलं दगावली. मृत्यूला औषध कारणीभूत नव्हतं, असंच कंपनी म्हणत राहिली. पण ज्या शहराने हे पाहिलं, ते परक्यांचं फुकटचं औषध मुकाट्याने कसं घेईल?

ही कोंडी वरूनच फुटली. मुस्लिमबहुल असलेल्या इंडोनेशियात तयार झालेली लस मागवली गेली आणि 2004 मध्ये कानोचे राज्यपाल इब्राहिम शेकाराऊ यांनी स्वतःच्या लहान मुलीला लोकांसमोर डोस दिला. पुढे 2009 मध्ये नायजेरियातल्या मुस्लिमांचे सर्वोच्च धार्मिक नेते मानले जाणाऱ्या सोकोटोच्या सुलतानांच्या पुढाकाराने पारंपरिक नेत्यांची आरोग्य समिती उभी राहिली. वर एमीर, म्हणजे तिथला परंपरागत मुस्लिम राजा, त्याखाली जिल्ह्याचा प्रमुख हाकिमी, आणि शेवटी वस्तीचा प्रमुख माई उंगुवा अशी ही उतरंड आहे. निरोप झटपट शेवटच्या वस्तीपर्यंत पोचतो, आणि खर्च जवळपास नाही. अफवा राजकारणात आणि मशिदीत शिरली असेल, तर एकट्या आरोग्यसेविकेने तिथे काय करावं? तिथे एमीरच हवा.

पण या वाटेची खोट करंगळीवर दिसते. आपल्या पल्स पोलिओसारखी तिथेही डोस दिल्यावर मुलाच्या बोटाला शाई लावतात. वरून दबाव आला की काही घरांत आईवडील आणि डोस पाजणारे आपसात ठरवून टाकायचे: बोट रंगवा, थेंब राहू द्या. कागदावर नकार संपला, मूल मात्र तसंच उघडं. हुकमाने दार उघडतं, तोंड उघडतंच असं नाही.

शिवाय तिथल्या हौसा भाषा बोलणाऱ्या समाजाच्या घरांत ‘कुल्ले’ पाळतात, म्हणजे बायकांचा पडदा. परका पुरुष अंगणाच्या आत जाऊ शकत नाही. 2012 पासून युनिसेफच्या मदतीने त्याच वस्त्यांतल्या हजारो बायका स्वयंसेविका म्हणून उभ्या केल्या गेल्या, त्याला हेही एक कारण. त्यांच्या वहीत गरोदर बायकांची आणि नवजात बाळांची नावं असत. बारसं तिथे सातव्या दिवशी होतं. ही बाई त्या बारशाला पाहुणी म्हणून जायची आणि बाळाच्या डोसाचंही तिथेच बघायची. हौसात पोलिओला ‘शान इन्ना’ म्हणतात. इन्ना नावाच्या शक्तीने झपाटलं की हातपाय लुळे पडतात, असा जुना समज. तो मायक्रोफोनवरून खोडता येत नाही. त्यासाठी आईच्या शेजारी चटईवर बसावं लागतं.

आणि आईचा प्रश्न फार खरा असायचा: पोराला ताप आहे, दवाखान्यात औषध नाही, आणि तुम्ही मात्र न दिसणाऱ्या रोगाचे थेंब घेऊन पुन्हापुन्हा दारात येता? यावर बाईजवळ शब्द असून भागत नाही. मोहिमेसोबत तापाची, हगवणीची औषधं देणारी शिबिरं लागायला लागली, तेव्हा तिच्या बोलण्याला वजन आलं.

ही वाट महाग आहे, सावकाश आहे, आणि जोखमीचीही. फेब्रुवारी 2013 मध्ये कानोत बंदूकधाऱ्यांनी पोलिओचे डोस देणाऱ्या किमान 9 जणींना ठार मारलं. एखादीला परक्या दारात पाठवण्याआधी हे विसरायचा हक्क आपल्याला नाही.

ईशान्येकडच्या बोर्नो राज्यात बोको हराम या सशस्त्र अतिरेकी गटाच्या ताब्यातल्या भागात मात्र ना एमीरचा शब्द पोचत होता ना स्वयंसेविका. दोन वर्षं रुग्ण नसताना 2016 मध्ये पोलिओ तिथेच पुन्हा सापडला. जागतिक आरोग्य संघटनेचा आफ्रिका विभाग वन्य, म्हणजे निसर्गात आढळणाऱ्या, पोलिओ विषाणूपासून मुक्त झाल्याचं 25 ऑगस्ट 2020 ला जाहीर झालं.

तुमच्या भागात कोणी पुढारी किंवा धर्मगुरू उघडपणे लसीच्या विरोधात उभा असेल, तर पहिले दोन महिने त्याच्या तोलाच्या माणसाकडेच घालवा. तसं नसेल, नकार घराघरांत मुका बसला असेल, तर माझं मत साफ आहे: पैसा बायकांवर लावा. त्यांचं मानधन वेळेवर द्या, त्यांच्या पिशवीत ओआरएसची पाकिटं ठेवा, आणि एमीरकडे फक्त एवढंच मागा की त्याने या बायकांना आपलं म्हणावं, चार लोकांसमोर.