चोंगचिंगची मोनोरेल, खिडकीच पकडा!
चीनमधल्या चोंगचिंगला गेलात तर लाईन २ ची मोनोरेल चुकवू नका. लिंजियांगमेनला बसलो, थोडं अंतर बोगदा आणि मग एकदम उजव्या हाताला जियालिंग नदी, खाली रस्ता, बोटी, पलीकडे टॉवरच टॉवर, बघतच राहिलो! गाडी काँक्रीटच्या एकाच बीमवरून रबरी टायरवर पळते त्यामुळे खडखड अशी नाहीच. लिझिबाला ती सरळ १९ मजली बिल्डिंगमध्ये घुसते, स्टेशन ६ ते ८ मजल्यांवर आणि वर लोक राहतात!! तिथे उतरून खाली रस्त्यावरून पण बघा, गाडी आत शिरताना सगळ्यांचे मोबाईल एकदम वर जातात. गर्दी खूप असते, सकाळी ऑफिसच्या वेळेला तर नकोच.